गावकारी की पंचायत? आधी मत कोणाला ते बघा

गोव्यात ग्रामसभा तापली की मागच्या बाकावरून एक वाक्य हमखास येतं: "ह्यापेक्षा आमची गावकारीच बरी, खरी लोकशाही तीच!" टाळ्याही पडतात. गावकारी म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था; पोर्तुगीज काळापासून तिलाच कोमुनिदाद म्हणतात. टाळ्या पिटणाऱ्यांतल्या कितीकांना त्या गावकारीत बसायलाही मिळालं नसतं, हे मात्र कोणी बोलत नाही.

पंचायत सगळ्यांच्या ओळखीची. पहिल्या निवडणुका 1962 साली, आजचा कायदा 1994 चा, मुदत पाच वर्षं, वर थेट जिल्हा पंचायत. लोकसंख्या 20 लाखांच्या आत असल्यामुळे मधली तालुका पंचायत गोव्यात नाही. पंचायत आणि कोमुनिदाद यांच्या हद्दी जुळत नाहीत. एका पंचायतीत दोन-तीन कोमुनिदादी निघू शकतात. एवढं पुरे.

खरी मेख मतात आहे. पंचायतीत मत राहण्यावरून: गावच्या मतदारयादीत नाव आणि वय 18, बस्स. भाड्याच्या खोलीत राहणारीसुद्धा ग्रामसभेत उभी राहून सरपंचाला जाब विचारू शकते. गावकारीत हक्क जन्मावरून. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांचे वांगड (कुळगट), त्यांत पुरुषवंशाने आलेला तो गावकार. (काही कोमुनिदादींत भागधारकही असतात, पण तो हक्क विकतचा, रहिवासाचा नव्हे.) म्हणून मुंबईला स्थायिक झालेल्या गावकाराला झोणाचे (उरलेल्या उत्पन्नातल्या वाट्याचे) पैसे मिळतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावचे बांध घालणाऱ्याला सभेत तोंड उघडता येत नाही. बायकांचा तर प्रश्नच आला नाही. जुन्या गावकारीत डोकी मोजतच नसत. बोलायचे ते वांगड, आणि निर्णयाला एकमत लागायचं. 1526 च्या फोरालात (सनदेत) पोर्तुगिजांनी गावकारांचे हे पूर्वापार हक्क नोंदवले; गावकारी त्यांनी जन्माला घातली, हा आणखी एक लाडका गैरसमज.

मालकांची संस्था म्हणून गावकारीला तोड नव्हती. खाजन (खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन) सांभाळायचं, मानशीची (बांधातल्या पाणदाराची) पावणी म्हणजे लिलाव करायचा, बांध-देवळाचा खर्च वजा करून उरलेलं वाटायचं. बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी कोणाचं शेत ते विचारून शिरत नाही, त्यामुळे तिथे एकमताचा हट्ट शोभतो. पण मालकांचा कारभार म्हणजे गावाचा कारभार नव्हे. राज्य करायला मला भांडखोर, गबाळी पंचायतच हवी; हिशेब ठेवायला खुशाल गावकार आणा.

हाच घोळ कागदावर महागात पडतो. "पंचायतीची घरपट्टी वीस वर्षं भरतोय, म्हणजे जागा माझी." नाही. घर नंबर आणि घरपट्टीची पावती यांनी जमिनीची मालकी येत नाही. पंचायत बांधकाम परवाना देते, जमीन देत नाही. आधी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद) काढा आणि कब्जेदाराचा रकाना वाचा. तिथे कोमुनिदादीचं नाव असेल, तर सरपंचाने ठराव घेऊनही काही साधत नाही. त्यासाठी कोमुनिदाद आणि कोमुनिदादींवरचा सरकारी प्रशासक यांच्याकडेच जावं लागतं. तिकडून जागा रीतसर मिळाली तरी परवान्यासाठी पंचायतीत यावंच लागतं. आणि गटार तुंबलं, कचरा उचलला नाही, तर कोमुनिदादीच्या अध्यक्षाच्या दारात जाऊन उपयोग नाही. ते पंचायतीचं काम.