इमॅक्समधील पायथन: एकाच नावाचे दोन मोड आणि त्यामागची पार्श्वभूमी

इमॅक्स या संपादकात पायथन लिहिणे सोपे व्हावे म्हणून लोकांनी दिलेल्या जुन्या सूचना आजच्या सेटिंग फाइलमध्ये जशाच्या तशा चिकटवल्या, तर त्यांतल्या बऱ्याच चालत नाहीत. का चालत नाहीत, हेही इमॅक्स सांगत नाही. दोष सहसा सूचनेत नसतो. ती लिहिली गेली तेव्हा ‘पायथन-मोड’ (पायथनसाठी रंग, इंडेंटेशन आणि कळा ठरवणारा इमॅक्समधला कोड) म्हणजे दुसरीच फाइल होती, एवढेच.

पहिला पायथन मोड १९९२ च्या सुमारास आला, म्हणजे भाषा जाहीर झाल्यानंतर थोड्याच काळात, आणि तो भाषेच्या सुरुवातीच्या वर्तुळातूनच आला. पायथन-मोड.ईएल ही फाइल पुढे बरीच वर्षे पायथनच्या सोर्सबरोबर ‘मिस्क’ डिरेक्टरीत मिळत असे. एक्सइमॅक्स या ग्नू इमॅक्सपासून फुटलेल्या शाखेच्या पॅकेजांतही ती होती. ग्नू इमॅक्सच्या २१ व्या आवृत्तीपर्यंत मात्र पायथनसाठी आत काहीच नव्हते. फाइल उतरवायची, लोड-पाथमध्ये (इमॅक्स फाइली शोधतो त्या डिरेक्टरींच्या यादीत) ठेवायची आणि ऑटो-मोड-अलिस्टमध्ये (कोणत्या फाइलला कोणता मोड, त्या यादीत) एक ओळ घालायची, हा रिवाज होता.

मग हीच फाइल इमॅक्सने आत का घेतली नाही? अडचण कागदपत्रांची होती. ग्नू इमॅक्समध्ये मोठा कोड घ्यायचा तर तो लिहिणाऱ्या प्रत्येकाने स्वामित्वहक्क लेखी हस्तांतरित करावा लागतो. साधारण पंधरा ओळींपर्यंतच्या किरकोळ दुरुस्तीला सूट असते, त्यापुढे नाही. दशकभर अनेक हातांनी वाढलेल्या फाइलसाठी सगळ्यांना गाठून सह्या घेणे जमण्यासारखे नव्हते. म्हणून जून २००७ मध्ये आलेल्या २२.१ आवृत्तीत पायथन.ईएल नावाचा वेगळा, नव्याने लिहिलेला मोड घातला गेला.

हा निर्णय आजही लोकांना खटकतो. वापरात मुरलेली, सतत दुरुस्त होणारी फाइल बाजूला ठेवून तुलनेने कच्ची फाइल प्रत्येकाच्या मशीनवर पाठवली, हा आक्षेप त्या वेळी रास्तच होता. दुसरी बाजू अशी की, काहीही न उतरवता पायथन चालणे ही सोय हवीच होती आणि सह्यांची अट फक्त पायथनसाठी शिथिल करणे शक्य नव्हते. वेगळी फाइल लिहिण्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. समजत नाही ते इतकेच, की तिच्यातल्या मुख्य आज्ञेचे नाव जुन्यासारखेच का ठेवले.

दोन्ही फाइलींतली आज्ञा ‘पायथन-मोड’, दोन्हींचा हूक (मोड सुरू होताच चालणाऱ्या ओळींची यादी) ‘पायथन-मोड-हूक’. आतली चलनामे मात्र वेगळी: बाहेरच्या मोडची ‘पीवाय-’ने सुरू होतात, आतल्याची ‘पायथन-’ने. इमॅक्समध्ये सेटक्यू या आज्ञेने कोणत्याही नावाला किंमत देता येते. ते नाव कुणी वाचते की नाही, याची तपासणी होत नाही. म्हणून आतला मोड चालू असताना पीवाय-इंडेंट-ऑफसेट (इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची जागा, किती स्पेसची ते ठरवणारे नाव) २ केले, तर चूक दाखवली जात नाही आणि परिणामही होत नाही. उलट, हूकमध्ये घातलेल्या ओळी दोन्ही मोडमध्ये चालतात, त्यामुळे अर्ध्या सेटिंगला फळ येते आणि अर्धी मुकी राहतात. सगळी सेटिंग मुकी राहिली असती तर दोष लवकर सापडला असता.

दोन फाइली स्वतःची ओळख म्हणून जाहीर (प्रोव्हाइड) करतात ती नावेही वेगळी आहेत. आतली ‘पायथन’, बाहेरची ‘पायथन-मोड’. त्यामुळे जुन्या सूचनेतली, ‘पायथन-मोड’ मागवणारी रिक्वायर पायथन-मोड ही ओळ बाहेरचे पॅकेज नसेल तर फाइल उघडता येत नाही म्हणून थांबते. ही निदान उघड चूक आहे. खरा गोंधळ दोन्ही फाइली एकाच सत्रात लोड झाल्या की होतो. नंतर लोड झालेली फाइल आज्ञेची व्याख्या बदलते, पण आधीच उघडलेल्या बफरांवर (इमॅक्समध्ये उघडलेल्या फाइलींवर) पहिल्या मोडचा कीमॅप (कळांची नेमणूक) तसाच राहतो. एका बफरात कंट्रोल-सी कंट्रोल-सी एक काम करते, शेजारच्या बफरात दुसरे. खात्री करायची तर कंट्रोल-एच एफ दाबून पायथन-मोड लिहावे. कोणत्या फाइलमधली व्याख्या लागू आहे ते पहिल्याच ओळीत दिसते. कुठलेही सेटिंग बदलण्याआधी हे करावे.

२२ व्या आवृत्तीतल्या पायथन.ईएलला फार चांगले दिवस आले नाहीत. तो पार्श्वभूमीला पायथनचा इंटरप्रिटर चालवून त्यात मदतीचे एक मॉड्यूल इंपोर्ट करी आणि नावे पूर्ण करण्यासाठी व फंक्शनची माहिती दाखवण्यासाठी त्याला विचारी. पायथन संवादी पद्धतीने सुरू झाला की इंपोर्टच्या शोधमार्गात चालू डिरेक्टरी सर्वांत आधी येते. म्हणजे सर्वांना लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत कुणी नेमक्या नावाची फाइल ठेवली, तर तिथली पायथन फाइल नुसती संपादित करतानाही ती चालवली जाई. २२.१ आणि २२.२ मधली ही त्रुटी सुरक्षा-त्रुटींच्या सीव्हीई यादीत सीव्हीई-२००८-३९४९ या क्रमांकाने नोंदली गेली आणि नंतर बुजवली गेली. पण मूळ प्रश्न राहिला: कोड समजून घेण्यासाठी तो चालवणे कितपत योग्य? पुढच्या बऱ्याच बदलांमागे हाच प्रश्न आहे.

मार्च २०१३ मध्ये २४.३ आवृत्तीत ही फाइलही काढून तिसरी आली. नाव पुन्हा पायथन.ईएल, आज्ञा पुन्हा पायथन-मोड. ही फाइल बाहेर स्वतंत्रपणे वाढली होती, पण सह्यांची पूर्तता झालेली असल्याने आत येऊ शकली. नवा इंडेंटेशनचा भाग, पायथन ३ चा आधार, प्रत्येक बफरला वेगळे शेल (पायथनच्या ओळी लगेच चालवून पाहण्याची जागा) आणि आयपायथन या प्रगत पायथन शेलशी जुळणारा संवाद असे बरेच तिने आणले. पायथन-इंडेंटचे पायथन-इंडेंट-ऑफसेट झाले, पायथन-गेस-इंडेंटचे पायथन-इंडेंट-गेस-इंडेंट-ऑफसेट झाले. पायथन-कंटिन्युएशन-ऑफसेटसारखे काही पर्याय सरळ गाळले गेले. २००७ ते २०१३ मधल्या सूचना अशा दुसऱ्यांदा शिळ्या झाल्या. तरीही हा बदल मोलाचा ठरला. आज इमॅक्समध्ये पायथन लिहिताना जे वागणे दिसते, त्याचा सांगाडा तिथला आहे.

इंडेंटेशनमध्ये तो सर्वांत स्पष्ट दिसतो. सी किंवा जावात ओळ कुठे असावी हे कंसांवरून ठरवता येते, म्हणून संपादक अख्खी फाइल नव्याने लावून देऊ शकतो. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची जागा हाच अर्थ. फॉर लूपच्या आतल्या ओळीनंतर प्रिंट आले तर ते लूपच्या आत की बाहेर, हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत असते. त्यामुळे मोड शक्य असलेल्या पातळ्यांची यादी काढतो. टॅब एकदा दाबला की सर्वांत आतली पातळी मिळते आणि पुन्हा दाबत गेले की एकेक पातळी बाहेर. मागची ओळ रिटर्न, पास, रेझ, ब्रेक किंवा कंटिन्यू असेल तर एक पातळी आधीच कमी धरली जाते. एल्स लिहून कोलन दिला की ओळ आपोआप मागे सरकते, आणि तो कोणत्या इफशी जुळला ते खालच्या ओळीत दिसते. तो संदेश वाचावा. एकात एक दोन इफ असतील तर चुकीच्या इफला चिकटलेला एल्स तिथेच पकडला जातो.

ऑक्टोबर २०१४ च्या २४.४ आवृत्तीत इलेक्ट्रिक-इंडेंट-मोड सर्व भाषांसाठी आपोआप सुरू झाला. एंटर दाबल्यावर नवी ओळ इंडेंट होणे ठीक, पण तो मोड आधीची ओळही पुन्हा लावून बघतो. पायथनमध्ये याचा अर्थ मुद्दाम बाहेर काढलेली ओळ परत लूपमध्ये ढकलणे. म्हणून पायथन मोड इलेक्ट्रिक-इंडेंट-इनहिबिट लावतो आणि फक्त नवी ओळ हलते. ज्यांनी पेस्ट केल्यावर सगळे आपोआप इंडेंट करणारी युक्ती सर्व मोडना लावली आहे, त्यांनी पायथनला तिच्यातून वगळावे. नाहीतर कोड चालतो, वाक्यरचनेची चूक येत नाही, फक्त उत्तर बदलते. चिकटवलेला तुकडा निवडून कंट्रोल-सी आणि ‘>’ किंवा ‘<’ने अख्खा सरकवणे सुरक्षित, कारण त्यात ओळींचे आपसातले अंतर कायम राहते.

नवी फाइल उघडताच दिसणारा ‘इंडेंट-ऑफसेट ओळखता आला नाही, ४ धरतो’ हा संदेश निरुपद्रवी आहे. मोड फाइलमधला पहिला ब्लॉक शोधून त्याचे अंतर मोजतो. फाइलमध्ये ब्लॉकच नसेल तर मोजणार काय? मात्र पहिलाच ब्लॉक कुणी २ स्पेसने लिहिला असेल आणि बाकी फाइल ४ ची असेल, तर अंदाज २ चा निघतो. तिथे गेस-इंडेंट-ऑफसेट निल (म्हणजे बंद) करून किंमत स्वतः द्यावी. डेफच्या कंसानंतर लगेच एंटर दिला की आर्ग्युमेंटे ४ ऐवजी ८ स्पेसवर का जातात, हाही नेहमीचा प्रश्न. पायथनच्या शैलीचे नियम सांगणाऱ्या पेप ८ ला ती खालच्या कोडपासून वेगळी दिसायला हवी असतात. पायथन-इंडेंट-डेफ-ब्लॉक-स्केल मूळचा २ असतो, ब्लॅक या कोड आपोआप लावणाऱ्या साधनाची शैली हवी तर १ करावा.

शेलची बाजू इतकी स्थिर राहिली नाही. २०१६ मध्ये २५ व्या आवृत्तीत नावे पूर्ण करण्यासाठी रीडलाइन या ओळ-संपादनाच्या लायब्ररीची मदत घेणे सुरू झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये आयपायथन ५ ने रीडलाइन सोडून प्रॉम्प्ट-टूलकिट ही दुसरी लायब्ररी घेतली. इमॅक्सचे शेल हे खरे टर्मिनल नव्हे, त्यामुळे तिथे एस्केप कोडांचा (रंग आणि कर्सर हलवण्याच्या खुणांचा) कचरा दिसू लागला. उपाय सोपा: पायथन-शेल-इंटरप्रिटर-आर्ग्समध्ये ‘-आय’ आणि ‘--सिंपल-प्रॉम्प्ट’ हे दोन्ही द्यायचे. फक्त दुसरे देऊन पहिले विसरले तर फाइल चालून शेल बंद होण्याची शक्यता असते. रीडलाइन नसल्याची ताकीद त्रास देत असेल, तर त्या इंटरप्रिटरचे नाव पायथन-शेल-कम्प्लिशन-नेटिव्ह-डिसेबल्ड-इंटरप्रिटर्स या यादीत घालावे. २०२४ मध्ये पायथन ३.१३ ने स्वतःचा नवा संवादी प्रॉम्प्ट आणला, तेव्हा तसाच प्रकार पुन्हा घडला. साध्या टर्मिनलमध्ये तो चालत नसल्याची सूचना शेलच्या सुरुवातीला येते. पायथन_बेसिक_रेपल हे पर्यावरणचल १ केले की ती जाते.

जुलै २०२३ ची २९.१ आवृत्ती हा पुढचा मोठा टप्पा, आणि इथे निदान नावाच्या बाबतीत शहाणपण दिसले. कोडच्या रचनेचे झाड बनवणाऱ्या ट्री-सिटर या लायब्ररीवर चालणाऱ्या मोडला पायथन-टीएस-मोड हे वेगळे नाव मिळाले. त्यासाठी इमॅक्स ट्री-सिटरसह बांधलेला हवा आणि पायथनच्या ग्रामरची (व्याकरणाची) लायब्ररी वेगळी हवी. ट्रीसिट-इन्स्टॉल-लँग्वेज-ग्रामर ही आज्ञा ती गिट आणि सी कंपायलर वापरून तयार करते. यांतले एक जरी नसेल तर ती अडते. ग्रामर फार नवे आणि इमॅक्स जुना असेल तर नोडची (झाडातल्या घटकांची) नावे न जुळल्याने क्वेरीची चूक येते. अशा वेळी ग्रामरची जुनी, ठरावीक आवृत्ती देणे हाच मार्ग. मेजर-मोड-रीमॅप-अलिस्टमध्ये जोडी घातली की पायथन फाइली नव्या मोडमध्ये उघडतात आणि पायथन-मोड-हूकमधल्या ओळी गप्प होतात. दोन्हीकडे चालायला हव्यात त्या ओळी पायथन-बेस-मोड-हूकमध्ये हलवाव्यात.

ट्री-सिटरने रंग, इमेन्यू (फाइलमधल्या फंक्शनांची यादी) आणि फंक्शनांमधली ये-जा सुधारली. पायथन ३.१० चा मॅच हा शब्द कधी कीवर्ड तर कधी साधे नाव असतो. नुसत्या रेगेक्सला (अक्षरांचे साचे जुळवण्याच्या पद्धतीला) हा फरक भरवशाने कळत नाही. ३.१२ पासून एफ-स्ट्रिंगच्या (किमती आत भरता येणाऱ्या मजकुराच्या) आत तेच अवतरणचिन्ह पुन्हा वापरता येते, तिथे जुन्या मोडमध्ये रंग चुकतात. अवतरणे सहसा जोडीनेच येतात म्हणून पुढची फाइल वाचते, एवढेच.

कोड तपासणाऱ्या लँग्वेज सर्व्हर या वेगळ्या प्रोग्रॅमशी इमॅक्सला जोडणारा एग्लॉटही २९ पासून आतच आला. लँग्वेज सर्व्हरचा प्रोटोकॉल २०१६ मधला. त्याआधी रोप, जेडी आणि त्यांच्याभोवतीची एल्पीसारखी पॅकेजेस हे काम करत. त्यांच्या वाटचालीवर वेगळे लिहिता येईल. आता पायथन-एलएसपी-सर्व्हर किंवा पायराइट यांपैकी एक सर्व्हर बसवून एग्लॉट म्हटले की झाले. अडते ते सहसा व्हर्च्युअल एन्व्हायरनमेंटपाशी (प्रकल्पाच्या लायब्ररींच्या वेगळ्या कप्प्यापाशी). डेस्कटॉपवरून सुरू केलेल्या इमॅक्सला टर्मिनलमधला पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या डिरेक्टरींची यादी) बऱ्याचदा मिळत नाही, म्हणून सर्व्हर सापडत नाही, किंवा सापडला तरी सिस्टिमचा पायथन धरतो आणि बसवलेल्या प्रत्येक लायब्ररीखाली लाल रेघ येते. एन्व्हायरनमेंट चालू केलेल्या टर्मिनलमधून इमॅक्स सुरू करून पाहावा. रेघा गेल्या तर दोष पाथचाच.

इंडेंटेशन मात्र पायथन-टीएस-मोडमध्येही ट्री-सिटरकडे दिलेले नाही. लिहिता लिहिता कोड अपुरा असतो आणि त्याचे झाड मोडलेले असते. झाड धड असले तरी पुढची ओळ कुठल्या पातळीवर हवी हे त्यात लिहिलेले नसते. त्यामुळे दोन्ही मोड २०१३ मध्ये आलेलाच कोड वापरतात. ऑफसेट, डेफ-ब्लॉक-स्केल, टॅबची फिरती यादी या सगळ्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच चालतात, आणि तिथली दुरुस्ती करायची तर पायथन.ईएलमध्येच करावी लागते.