ग्रामीण स्थलचित्रण

खेड्याच्या परिसरात उघड्यावर बसून, समोरचे दृश्य पाहत चित्र रंगविण्याची पद्धती. तैलरंगातील स्थलचित्रणाचा उगम वादग्रस्त आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँ हा इटलीतील तिवोलीजवळ उघड्यावर रंगकाम करीत असे, असे त्याचा समकालीन जर्मन चित्रकार व लेखक झांड्रार्ट सांगतो. परंतु त्या प्रकारची म्हणून सर्वमान्य झालेली क्लोदची तैलचित्रे दाखविता येत नाहीत. त्यामुळे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच चित्रकार देपोर्त याने कागदावर केलेले तैलरंगातील निसर्गाभ्यास हा अधिक भक्कम पुरावा ठरतो. फ्रेंच चित्रकार व्हालाँस्येन याने १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या यथार्थदर्शनावरील (सपाट पृष्ठावर खोली व अंतर दाखविण्याच्या तंत्रावरील) ग्रंथात प्रकाश पालटत असल्याने असा अभ्यास जास्तीत जास्त दोन तासांत, तर सूर्योदय-सूर्यास्ताचा अर्ध्या तासात आटोपावा, असे सांगितले आहे.

जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या, रंग भरून ठेवण्याच्या, दाबता येणाऱ्या धातूच्या नळीमुळे ही पद्धती जन्मली, असे मत पुष्कळदा मांडले जाते. त्यापूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवीत. ती टोचून रंग काढल्यावर छिद्र नीट बंद होत नसे व उरलेला रंग सुकत असे. नळीने ही गैरसोय दूर केली, हे खरे. परंतु इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने इंग्लंडमधील फ्लॅटफर्ड येथील नावबांधणीचे चित्र १८१५ च्या सुमारास, म्हणजे नळीपूर्वीच, बव्हंशी जागेवरच रंगविले होते. तेव्हा नळीने पद्धतीचा प्रसार केला, तिचा आरंभ नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

फ्रान्समधील फाँतेन्ब्लो अरण्यालगतचे बार्बिझाँ हे खेडे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चित्रकारांचे केंद्र बनले. चित्रकार तेओदॉर रूसो तेथे स्थायिक झाला आणि १८४९ मध्ये चित्रकार मिले आला. मात्र खेड्यातील वास्तव्य व उघड्यावरील चित्रण या दोन गोष्टी एकच समजू नयेत : मिलेची शेतकरी-चित्रे मुख्यत्वे स्मरणाने व रेखाटनांवरून चित्रशाळेत सिद्ध झाली, तर रूसो जागेवर आरंभलेल्या चित्रांवर पुढे घरी दीर्घकाळ काम करी. फ्रेंच चित्रकार दोबीन्यीने मात्र १८५७ मध्ये नावेलाच चित्रशाळेचे रूप देऊन नदीकाठची दृश्ये पाण्यावरून रंगविली.

पुढे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील पाँताव्हेन, डेन्मार्कमधील स्केगन, इंग्लंडमधील न्यूलिन आणि जर्मनीतील व्होर्प्सवेड येथेही चित्रकारांच्या वसाहती झाल्या.