साथरोग आणि घरबाजार

साथरोगासारखे सार्वजनिक आरोग्य संकट आले की घरबाजारात आधी कोसळते ती व्यवहारांची संख्या. किंमत मागाहून हलते, आणि कधी कधी चक्क वर जाते. कारण मालक पडेल भावात विकण्यापेक्षा घर विक्रीतून काढून घेतो. शिवाय घर पाहणे, बँकेकडून मूल्यांकन, दस्तनोंदणी ही कामे समक्ष होणारी. ती थांबली की ठरलेला सौदाही लटकतो. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी किमतीवर विसंबू नये. त्या काळात झालेले मोजके व्यवहार एक तर पैशांसाठी अडलेल्यांचे असतात, नाही तर आधीच ठरलेले.

पुढचे वळण भीतीपेक्षा कर्जावर ठरते. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, मार्चमध्ये ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणि मे महिन्यात ४ टक्क्यांवर आणला. नोकरी शाबूत असलेल्यांना गृहकर्ज स्वस्त झाले. ज्यांचा पगारच बंद झाला, त्यांना त्या स्वस्ताईचा उपयोग नव्हता. मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची मुभा होती, पण व्याज चालूच राहिले. साडेआठ टक्के दराने २० वर्षांची फेड बाकी असताना सहा हप्ते थांबवले आणि नंतर हप्ता तेवढाच ठेवला, तर शेवटी सुमारे ३० हप्ते जास्त भरावे लागतात. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा बहुतांश भाग व्याजातच जातो, त्यामुळे हा फटका नव्या कर्जदाराला सर्वाधिक बसतो.

करसवलतीने मागणी वाढते, पण बरीचशी ती पुढच्या महिन्यांतून उसनी आणलेली असते. महाराष्ट्राने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात तीन टक्के, तर जानेवारी ते मार्च २०२१ दोन टक्के कपात केली. डिसेंबरअखेर शुल्क भरून करार केलेल्यांना नोंदणीसाठी पुढे चार महिन्यांची मुदत होती. साहजिकच २०२१ च्या सुरुवातीच्या नोंदणीत आदल्या वर्षीचे सौदेही मोजले गेले. महिनावार आकडे वाचताना हे हमखास निसटते.

पुरवठ्याची बाजू संथ. मजूर गावी परतले की बांधकाम थांबते, ताबा लांबतो. खरेदीदार मात्र घरभाडे आणि हप्ता दोन्ही भरत राहतो. २५ मार्च २०२० वा त्यानंतर पूर्ण व्हायच्या नोंदणीकृत प्रकल्पांना रेरा (स्थावर संपदा नियामक) प्राधिकरणांनी सहा महिन्यांची मुदतवाढ दिली, ती केंद्राच्या सूचनेनुसार.

भाड्याचा बाजार त्या मानाने लवकर झुकतो, कारण भाडेकरार काही महिन्यांत संपतात. त्या वर्षी न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लंडन यांच्या मध्यवर्ती भागांत भाडी उतरली. घरून काम करणाऱ्यांना जादा खोली हवी होती, त्यामुळे उपनगरांकडे ओढा वाढला.

एखाद्या इमारतीला वा गल्लीला लागलेला डाग ही वेगळी बाब. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत २००३ साली सार्स या श्वसनरोगाची ३०० हून अधिक जणांना लागण झाली. न्हाणीघरांच्या जमिनीतील जाळीखालचे यू-आकाराचे नळ कोरडे पडले होते. त्यांत पाणी नसल्याने सांडपाण्याच्या नळातील दूषित हवा एक्झॉस्ट पंख्याने घरात ओढली गेली, असे तपासात पुढे आले. अशा ठिकाणी सांडपाण्याची व्यवस्था तपासल्याशिवाय नुसत्या सवलतीवर घर घेणे धोक्याचे. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती, त्याच्या दूषित पाण्यातून पसरलेल्या १८५४ च्या कॉलऱ्यात, कर्ती माणसे गेली, भाडी थकली, मालकांनी गरीब भाडेकरू घेतले. त्या पंपाचे पाणी वापरणाऱ्या भागाच्या सीमेच्या आतल्या घरांचे मोल दीड शतकानंतरही बाहेरच्यांपेक्षा कमी आढळले.

संकटानंतरची स्वच्छता मोहीमही बाजार हलवते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचा दाट वस्ती पाडण्याचा वेग नव्या चाळी बांधण्याहून जास्त होता, त्यामुळे उठवलेली कुटुंबे शेजारच्या, आधीच कोंदटलेल्या घरांत शिरली आणि तिथली गर्दी आणखी वाढली.