फरारी गुलामांचा कायदा आणि सुटकेचे गुप्त जाळे : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांतून निसटलेल्या गुलामांना सुरक्षित ठिकाणी पोहोचवणारे जाळे, म्हणजेच ‘अंडरग्राउंड रेलरोड’, कधी सुरू झाले याची तारीख सांगता येत नाही, कारण ते कोणी ठरवून स्थापन केलेले नव्हते. फरारी गुलाम परत करण्याची तरतूद १७८७ च्या राज्यघटनेत आली आणि १७९३ मध्ये तिच्यासाठी कायदाही झाला. परंतु १८४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या अधिकाऱ्यांवर या कामाची सक्ती नाही, असा अर्थ निघेल असा निकाल दिल्यावर उत्तरेतील काही राज्यांनी आपले तुरुंग आणि अधिकारी त्यासाठी देणे बंद केले. दरम्यान कापसाच्या लागवडीबरोबर गुलामांची संख्या १७९० मधील सुमारे ७ लाखांवरून १८५० पर्यंत सुमारे ३२ लाखांवर गेली होती.

या पेचातून १८५० चा कायदा जन्मला. कॅलिफोर्निया गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात येणार होते आणि त्याच तडजोडीत दक्षिणेच्या पदरात हा कायदा पडला. पकडलेल्या माणसाला ज्युरीपुढे सुनावणी नव्हती, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचीही मुभा नव्हती. निर्णय संघराज्याचा आयुक्त देई. माणूस मालकाच्या हवाली केला तर आयुक्ताला १० डॉलर मिळत आणि सोडून दिला तर ५. हवाली करताना कागदपत्रे अधिक करावी लागतात म्हणून शुल्क दुप्पट, असे समर्थकांचे म्हणणे होते. ते हिशेबापुरते खरे मानले, तरी ज्याला तोंड उघडण्याचा हक्क नाही अशा माणसाचा निवाडा करणाऱ्याला एका निकालासाठी दुप्पट पैसे देणे कोणत्याही न्यायव्यवस्थेला शोभणारे नव्हते. शिवाय मार्शलने, म्हणजे कायदा अमलात आणणाऱ्या संघराज्याच्या अधिकाऱ्याने, हाक दिली तर रस्त्यावरच्या सामान्य नागरिकालाही पाठलागात सामील होणे भाग होते. आसरा देणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. आजवर तटस्थ राहिलेल्या लोकांनाही त्यामुळे बाजू घेणे टाळता येईना. १८५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ख्रिस्तियाना येथे गुलाम परत न्यायला आलेला मालक चकमकीत मारला गेला. ३८ जणांवर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला, पण एकालाही त्याबद्दल शिक्षा झाली नाही. १८५४ मध्ये बोस्टनमधून एका माणसाला परत पाठवण्यासाठी बंदरापर्यंत सैनिक उभे करावे लागले.

आता उत्तरेतले शहर गाठूनही भागत नसे. ओहायो नदी ओलांडून, एरी सरोवर किंवा डेट्रॉईट नदीच्या पलीकडे, १८३४ मध्ये गुलामगिरी संपलेल्या कॅनडात जावे लागे. या वाटचालीचे श्रेय जुन्या लेखनात प्रामुख्याने क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या गोऱ्या कुटुंबांना दिले गेले. त्यांनी पत्करलेला धोका खराच होता, पण बंदरांतले कृष्णवर्णीय खलाशी, मजूर आणि त्यांची चर्चे यांच्यावाचून हे काम चालले नसते. पकडले जाण्याची भीतीही त्यांनाच सर्वाधिक होती. फिलाडेल्फियातील एका कृष्णवर्णीय कारकुनाकडे १८५० मध्ये अलाबामाहून आलेला एक माणूस आपल्या हरवलेल्या कुटुंबाची चौकशी करू लागला आणि आईवडिलांची नावे ऐकताच तो आपला सख्खा भाऊ असल्याचे कारकुनाला उमगले. पळताना आईला दोन मुलगे मागे सोडावे लागले होते, त्यांतला हा एक. ताटातूट झालेल्यांना पुढे एकमेकांचा माग लागावा म्हणून तो कारकून येणाऱ्या प्रत्येकाची हकीकत टिपून ठेवू लागला. धोका वाढल्यावर त्या नोंदी त्याने दफनभूमीतील एका इमारतीत दडवल्या आणि १८७२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. तोंडी दंतकथांनी भरलेल्या या विषयात अशी नोंद मोलाची ठरते.

१८६१ मध्ये संघराज्य आणि त्यातून फुटलेली दक्षिणेतील राज्ये यांच्यात यादवी युद्ध पेटले तरी कायदा लगेच गेला नाही, कारण संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या सीमावर्ती राज्यांतही गुलामांचे मालक होते आणि त्यांना दुखावणे सरकारला परवडणारे नव्हते. फरारी गुलाम परत करण्यास लष्करी अधिकाऱ्यांना मार्च १८६२ मध्ये मनाई झाली, तर कायदा जून १८६४ मध्ये रद्द झाला. तरीही ओहायो नदीच्या दक्षिण काठावरील केंटकीत गुलामगिरी कायदेशीर राहिली, ती डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती अमलात येईपर्यंत.