लंडन-पॅरिस युरोस्टार: दोन व्हिसा, एक पासपोर्ट

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून सुटलेली युरोस्टार रेल्वे सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसच्या गार द्यू नोरला पोचते. तिकीट मोबाईलवर पाच मिनिटांत निघतं. खरी खटपट व्हिसाची. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा वेगळा आणि शेंगेनचा, म्हणजे फ्रान्ससह बहुतेक युरोपीय देशांचा मिळून असलेला, वेगळा व्हिसा लागतो. एकावर दुसरीकडे सोडत नाहीत.

गडबड होते ती एन्ट्रीच्या रकान्यात. मुंबई-लंडन विमान, पुढे गाडीने पॅरिस आणि तिथूनच घरी, असं असेल तर शेंगेनची सिंगल एन्ट्री पुरते. पण विमान पॅरिसचं आणि मध्ये तीन दिवस लंडन, असा बेत असेल तर तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन परत आत येताय. अर्जात मल्टिपल एन्ट्री मागा आणि कव्हरिंग लेटरमध्ये दोन्ही गाड्यांच्या तारखा लिहा.

शेंगेनचा अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. पॅरिसला 2 रात्री आणि ॲमस्टरडॅमला 4, तर नेदरलँड्स. दिवस सारखे असतील तर जिथून आधी शिरणार तो देश. प्रवासाच्या 6 महिने ते 15 दिवस आधी अर्ज करता येतो, पण 15 दिवसांच्या भरवशावर राहू नका. निर्णयाला 45 दिवसही लागू शकतात. ब्रिटनचा अर्ज 3 महिने आधीपासून. पासपोर्ट एकच, तो एका वेळी दोन्हीकडे जमा करता येत नाही, म्हणून मी तरी ब्रिटनचा व्हिसा आधी हातात घेईन.

शेंगेनसाठी कागदपत्रं: 10 वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान 3 महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, फोटो, किमान 30,000 युरोचा प्रवास विमा, हॉटेल बुकिंग, बँक स्टेटमेंट, आयटीआर, नोकरदारांना रजेचं पत्र. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ.

तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे पहिल्या नावाला जोडलेलं असतं, कुठे गाळलेलं. आडनावाच्या रकान्यात ते शिरायला नको.

फ्रान्सची तपासणी लंडनच्याच स्टेशनात होते, फ्रेंच पोलीस तिथेच शिक्का किंवा बोटांचे ठसे घेतात. परतताना ब्रिटिश अधिकारी पॅरिसला बसलेले असतात. गेट गाडीच्या अर्धा तास आधी बंद होतं, त्यामुळे दीड तास हाताशी ठेवा. आणि लंडनच्या मावशीने दिलेले पेढे गाडीत चढण्याआधी संपवा: ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.