पोर्टेबिलिटीच्या नोंदी का लिहाव्या लागतात?

नागपुरात काही इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आणि परसोडीच्या आयटी पार्कातली काही नोकरदार मंडळी मिळून सी या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतल्या फंक्शनांच्या (म्हणजे तयार मिळणाऱ्या छोट्या कामांच्या) पोर्टेबिलिटीच्या नोंदी तपासतात. पोर्टेबिलिटी म्हणजे एकच प्रोग्राम वेगवेगळ्या सिस्टिमवर तसाच चालणं. कोणतं फंक्शन कोणत्या सिस्टिमवर नाही, कुठे आहे पण वेगळं वागतं, हे त्यात लिहिलेलं असतं. ज्याच्याकडे जे मशीन, त्याने त्यावर चाचणी करायची. सी भाषेच्या प्रमाणित नियमांचं पुस्तक छापून झालेलं असताना हा उपद्व्याप कशाला, याचं उत्तर इतिहासात आहे.

डेनिस रिची यांनी 1972च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली आणि 1973मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला. त्यामुळे युनिक्स एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणं शक्य झालं. पण नेणाऱ्या प्रत्येकाने थोडीफार आपली भर घातली. एटी अँड टीचं युनिक्स वेगळं, बर्कलीचं वेगळं. 1988मध्ये पॉसिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीचे प्रमाणित नियम) आणि 1989मध्ये अन्सी सी (सी भाषेचे प्रमाणित नियम) आलं, तेव्हा ही भांडणं मिटायला हवी होती. प्रत्यक्षात बरेच मुद्दे जाणूनबुजून मोकळे ठेवले गेले, कारण बाजारात आधीच असलेल्या कंपायलरांना (प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरांना) एका फटक्यात चूक ठरवणं कोणालाच परवडणारं नव्हतं. उदाहरणार्थ, मेमरीत जागा मागणाऱ्या मॅलॉक या फंक्शनकडे शून्य बाइट मागितले तर नल (रिकामा पत्ता) मिळेल किंवा एखादा पॉइंटर (जागेचा पत्ता), दोन्ही चालतं.

जिथे नियम आहे तिथेही गंमत आहे. ठरावीक जागेत मजकूर लिहिणाऱ्या एसएनप्रिंटएफ या फंक्शनला जागा अपुरी पडली, तर किती अक्षरं लागली असती ते परत करावं, असं सी99 (सीच्या नियमांची 1999ची आवृत्ती) सांगतं. ग्लिबसीच्या (लिनक्सवर सहसा वापरल्या जाणाऱ्या सी लायब्ररीच्या) 2.0.6पर्यंतच्या आवृत्त्या मात्र उणे एक देत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरात नियमाप्रमाणे वागणारं फंक्शन 2015मध्ये आलं.

असल्या अडचणी ग्नूलिबच्या (सिस्टिमांमधले असे फरक भरून काढणाऱ्या कोडसंग्रहाच्या) मॅन्युअलमध्ये फंक्शनवार नोंदलेल्या आहेत. प्रत्येक पानावर दोन याद्या असतात: ग्नूलिबने दुरुस्त केलेल्या अडचणी आणि न केलेल्या. माझ्या मते दुसरी यादी जास्त मोलाची, कारण तिथे प्रोग्रामरला स्वतःच सावध राहावं लागतं.

नागपूरकरांना हे सगळं लवकर पटतं, त्याचं कारण टर्बो सी हा जुना कंपायलर. इथल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये अनेक पिढ्या त्यावरच शिकल्या: दोन बाइटचा इंट (पूर्णांकाचा प्रकार), प्रोग्रामच्या सुरुवातीला व्हॉइड मेन, शेवटी एक कळ दाबेपर्यंत थांबवणारं गेटसीएच. (परीक्षेत इंटचं माप विचारलं की डोळे मिटून ‘दोन’ लिहायचं.) एकाच कंपायलरवर विसंबण्याच्या त्याच सवयीतून एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचारचं उत्तर कॅरमध्ये (एका अक्षराच्या प्रकारात) साठवून ईओएफशी, म्हणजे मजकूर संपल्याच्या उणे आकड्याच्या खुणेशी, ताडून बघणारा लूप येतो. इंटेलच्या मशीनवर तो बहुतेक वेळा नीट थांबतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर लिनक्समध्ये कॅर बिनचिन्ही असतो, त्यात उणे आकडा मावत नाही, म्हणून तो लूप कधीच संपत नाही.

नोंद एकदा लिहिली की कायमची, असंही नाही. मजकुराची नक्कल करणारं स्ट्रएलसीपीवाय हे फंक्शन ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिममध्ये 1998मध्ये आलं. ग्लिबसीने ते वर्षानुवर्षं नाकारलं आणि 2023मध्ये 2.38 आवृत्तीत घेतलं. 2024च्या पॉसिक्सातही ते आलं. पण 2.37 किंवा त्याआधीची ग्लिबसी असलेली मशीनं अजून चालू आहेत. त्यामुळे ‘ग्लिबसीत नाही’ ही ओळ खोडून चालत नाही, तिच्यापुढे आवृत्ती लिहावी लागते.