जुन्या यंत्रांचं चौकशिल्प: काम देण्यापूर्वी वाचायची माहिती

लेथ, यंत्रमाग, तेल इंजिन, उसाचा चरक ही यंत्रं छपराखाली आणि तेलपाण्यात चालण्यासाठी घडवलेली असतात. चौकात ती उघड्यावर येतात. चार महिने पाऊस, मग मे महिन्यातलं ऊन, वर रस्त्याची धूळ. म्हणून भंगारातल्या यंत्राचं शिल्प करताना आमचा पहिला प्रश्न असतो: पडलेलं पाणी कुठून वाहून जाणार? आकार, उंची, रंग यांवर त्यानंतर बोलता येतं. नगरपालिका, कारखाने, महाविद्यालयं आणि औद्योगिक वसाहतींच्या संघटना यांना काम ठरवताना उपयोगी पडेल ते इथे दिलं आहे.

आधी जागेचा कागद

रस्ता, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. रस्ते सुशोभीकरणाची कामं त्यातून वगळली आहेत. यंत्रशिल्प सुशोभीकरणात बसवायचं असेल, तर स्थानिक संस्थेचा तसा लेखी निर्णय हवा. सोबत वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र आणि जागेखालून जाणाऱ्या केबल व पाइपलाइनचा नकाशा घ्या. कारखान्याच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात हा प्रश्न बराच सोपा होतो. जागेचा कागद हातात येईपर्यंत यंत्र कापू नका, कारण कापलेलं यंत्र पुन्हा जोडून विकताही येत नाही.

यंत्र निवडताना

बीड (ओतीव लोखंड) कुठलं आणि पोलाद कुठलं, हे सुरुवातीलाच ओळखावं लागतं. ड्रिल मारून पाहा. बिडातून काळसर भुगा निघतो, माइल्ड स्टीलमधून वळ्यांचा कीस. ग्राइंडर लावला तर बिडाची ठिणगी आखूड आणि लालसर, पोलादाची लांब आणि पिवळी. जुन्या यंत्रांचे बेड, स्टँड, पुल्या आणि बरीच गिअरं बिडाची असतात. शाफ्ट आणि लिव्हर पोलादाचे.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ६०० मिमी व्यासाची आणि ७५ मिमी जाडीची बिडाची भरीव चकती सुमारे १५० किलो भरते. हायड्रा (फिरती क्रेन) किती टनी मागवायचा आणि पाया केवढा घ्यायचा हे यावरच ठरतं, म्हणून शक्यतो काट्यावर वजन करून पावती पाठवा.

काही गोष्टी आम्ही घेत नाही. जुने ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर नकोत, कारण त्यांतल्या तेलात विषारी रसायन असू शकतं. बॉयलरच्या पाइपांवरचं पांढरं वेष्टण, जुनी गॅस्केटं, ब्रेकचे व क्लचचे लायनर यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते कोरडं कापू किंवा घासू नये. यंत्रावरच्या जुन्या रंगात शिसं असतं असं धरूनच चालावं आणि तो कोरड्या पॉलिश पेपरने घासू नये. पितळ, तांबं आणि गनमेटलचे भाग शिल्पात सुंदर दिसतात, पण हाताच्या उंचीवर लावले तर चोरीला जातात. ते अडीच मीटरच्या वर लावावेत, नाहीतर कार्यालयात काचेत ठेवावेत.

तेल काढणं

गिअरबॉक्समधलं तेल ड्रेन प्लगमधून निघालं म्हणजे काम झालं असं नाही. खोबणीत, बेअरिंगच्या घरात, चावीच्या गाळ्यात ते राहतंच. शिवाय बीड सच्छिद्र असल्याने वर्षानुवर्षं तेल पीत आलेलं असतं. त्यावर रंग दिला की उन्हाळ्यात तेल वर येतं आणि रंग फोडासारखा उचलला जातो. म्हणून भाग सुटे करून डिग्रीझरने धुतो, मग गॅसच्या टॉर्चने हळूहळू तापवतो. तापल्यावर बीड तेल सोडायला लागतं. ते पुसायचं, पुन्हा तापवायचं, पृष्ठभाग कोरडा राहीपर्यंत. निघालेलं तेल गटारात न सोडता परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावं लागतं.

बंद टाकी, पंपाचं कवच, पोकळ रोलर यांना गॅसकटर लावण्यापूर्वी ड्रिलने भोक पाडून हवा मोकळी करावीच लागते. आत अडकलेली वाफ किंवा तेलाचा वायू तापला तर स्फोट होतो. हे काम तुमच्या आवारात स्थानिक भंगारवाल्याकडून करून घेणार असाल, तर ही एक गोष्ट त्याला आवर्जून सांगा.

जोडकाम: बिडावर बोल्ट

सर्वांत जास्त बिघाड इथे होतात. बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो. त्यावर वेल्डिंगचा नेहमीचा ६०१३ रॉड मारला की टाक्याच्या कडेचं लोखंड काचेसारखं कडक होतं आणि थंड होताना तडकतं. कधी लगेच टिक असा आवाज येतो, कधी तडा काही आठवड्यांनी दिसतो. निकेलचा रॉड, पूर्वतापन, एका वेळी फक्त २५-३० मिमीचा टाका, गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोके, आणि हात लावता येईल इतकं निवल्यावर पुढचा टाका: या पद्धतीने बीड जोडलं जातं. तरीही अशा टाक्यावर आम्ही भार टाकत नाही.

आमची पद्धत अशी: आत माइल्ड स्टीलचा सांगाडा, साधारणपणे १५० मिमी चौकोनी आणि ६ मिमी जाडीच्या पाइपचा. सगळं वजन तो घेतो. यंत्राचे भाग त्यावर ८.८ ग्रेडच्या गॅल्वनाइज्ड बोल्टांनी बसतात. यंत्रांना बहुधा मुळातच फाउंडेशनची आणि ब्रॅकेटची भोकं असतात, त्यामुळे नवी पाडावी लागत नाहीत. बोल्टाने जोडलेला भाग पुढे दुरुस्तीला सुटाही करता येतो. पाना लागू नये म्हणून खालच्या दोन मीटरमध्ये चोरीरोधक नट वापरतो.

पाणी

शिल्प रंगवण्यापूर्वी कार्यशाळेत उभं करून नळीने पंधरा मिनिटं वरून पाणी सोडायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग विजेरी घेऊन फिरलं की कळतं. उलटी पुली वाटीसारखी भरलेली असते. फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला पाण्याची चंद्रकोर उभी असते. वर तोंड केलेल्या गिअरच्या दातांत थेंब, लेथच्या बेडमधल्या खणांत चांगलं तळं. तुम्हीही या चाचणीला अवश्य या. जिथे जिथे पाणी थांबलं तिथे खडूची खूण करून १२ मिमीचं भोक पाडतो किंवा भागाचा कल बदलतो. थांबलेल्या पाण्यात गंज होतो तसेच डासही होतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य विभाग नोटीस देतो.

एकमेकांवर टेकलेल्या दोन पट्ट्या ही दुसरी वाईट जागा. मधल्या फटीत पाणी शिरतं, गंज तयार होतो, आणि गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्यामुळे तो पट्ट्यांना पाचरीसारखा ढकलतो. वेल्डचे टाके त्याने उलतात. म्हणून एकतर चारही बाजूंनी सलग वेल्ड, नाहीतर ब्रश जाईल एवढी मोकळी फट. पाइपांचंही तसंच: पूर्ण हवाबंद किंवा खालून मोकळे. रोलर चेन शिल्पात घालू नये असं आमचं मत आहे. कड्यांच्या आत रंग पोचत नाही, आणि गंजाचे ओघळ सर्वांत आधी तिथूनच सुरू होतात.

रंग

गंजलेलं रूपच ठेवा, असा आग्रह अनेकदा होतो. परदेशातल्या ज्या शिल्पांवर तांबूस गंज शोभतो, ती बहुधा कॉर्टेन या खास मिश्र पोलादाची असतात. त्या गंजाचा थर घट्ट बसून आतल्या धातूला सांभाळतो. तुमच्या कारखान्यातलं बीड आणि माइल्ड स्टील तसं नाही. ते गंजत जातं आणि खालच्या ग्रॅनाइटवर तपकिरी डाग सोडतं. गंजावर पारदर्शक लॅकर मारलं तर तेही सोलून निघतं.

आम्ही देतो तो रंग असा: ग्रिट किंवा कॉपर स्लॅगने एसए अडीच दर्जाचं ब्लास्टिंग, म्हणजे दाबाने कण मारून गंज आणि जुना रंग जवळजवळ पूर्ण काढणं (वाळू वापरत नाही, तिच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो). चार तासांच्या आत झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर ६० ते ७५ मायक्रॉन. त्यावर एमआयओ (अभ्रकासारख्या पापुद्र्यांचं लोह-ऑक्साइड) इपॉक्सी १०० ते १२५ मायक्रॉन, आणि शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) ५० मायक्रॉन. नुसतं इपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढरं पडतं, म्हणून पीयू वगळू नका. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लोकार्पणाची तारीख ठरवू नये ती यासाठीच. मुंबई, कोकण, गोवा इथे एमआयओचा एक थर जास्त द्यावा आणि रंगाआधी मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढावं. सोनेरी रंग आम्ही सुचवत नाही. गडद राखाडी किंवा काळ्यात यंत्राचे अवयव ओळखू येतात, सोनेरीत ते हरवतात.

यंत्रावर ओतलेली निर्मात्याची अक्षरं जपावीत. तिथे ब्लास्टिंगचा दाब कमी ठेवतो आणि रंग पातळ देतो.

पाया आणि सुरक्षितता

वाऱ्याच्या मानकानुसार पुणे-नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबई-नागपूरसाठी ४४ मीटर धरतात. स्थानिक गुणांक लावण्यापूर्वी त्याचा दाब चौरस मीटरला अनुक्रमे सुमारे ९३ आणि ११८ किलो येतो. पण चौकात वाऱ्याइतकाच विचार माणसांचा करावा लागतो. गणपतीच्या मिरवणुकीत बाहेर आलेल्या लिव्हरवर चौघं चढतात. दीड मीटर बाहेर आलेल्या दांड्याच्या टोकाला २८० किलो, असं धरूनच तिथला जोड आखतो.

काळ्या मातीत वरवरचा पाया चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि शिल्प कलतं. मुरूम लागेपर्यंत खाली जावं. बोल्ट काँक्रीट ओतताना सरकू नयेत म्हणून पत्र्याचं टेम्प्लेट लागतं. ते वगळलं की भोकं जुळत नाहीत, मग कुणीतरी गॅसने ती मोठी करतं आणि बेसप्लेट कायमची ढिली राहते. प्लेटखाली २५ ते ४० मिमी जागा सोडून न आकसणारं ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरतो, कडेला बाहेर उतार देऊन. उभारणी काँक्रीटला किमान १४ दिवस झाल्यावर.

९० ते २३० मिमीच्या फटीत लहान मुलाचं डोकं अडकू शकतं, ८ ते २५ मिमीच्या भोकात बोट. या मापाच्या जागा आम्ही बुजवतो किंवा वाढवतो. दातांच्या कडा घासून गोल करतो. फिरणारं प्रत्येक चाक शाफ्टला कायमचं जखडतो.

हालतं शिल्प हवं असेल तर खर्च आणि देखभाल दोन्ही वाढतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात शिल्पकार जाँ तँगली यांनी, पाडलेल्या जुन्या नाट्यगृहाच्या रंगमंचयंत्रणेचे भाग वापरून १९७७ मध्ये नाट्यगृहाच्याच चौकात दहा आकृत्यांचं कारंजं उभं केलं. त्यांच्या मोटारी कमी दाबाच्या विजेवर चालतात. तुमच्याकडेही वीज २४ व्होल्टचीच ठेवा आणि अर्थिंग स्वतंत्र घ्या.

फलक आणि देखभाल

यंत्राचं नाव, निर्माता, साल, ते कुठे चाललं आणि त्यावर काय तयार व्हायचं, एवढं फलकावर हवं. ते यंत्र चालवणारे कामगार गावात असतील तर भागांची नावं त्यांच्याकडून घ्या. धोटा कुठला आणि फणी कुठली, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला. अशा गावात मागाखाली नुसतं 'कलाकृती' लिहिणं फार कमी पडेल.

दसऱ्याला लोक यंत्राची पूजा करणारच, आणि ते व्हायलाच हवं. नारळ फोडण्यासाठी बाजूला वेगळा दगड बसवा आणि हारांसाठी दोन हुक द्या, म्हणजे तारेने रंग खरवडत नाही. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुवावं.

तपासणी वर्षातून दोनदा: मे महिन्यात आणि दिवाळीनंतर. पाण्याची भोकं तारेने मोकळी करणं, नट तपासणं, खरवडलेल्या जागी प्रायमरसह रंग देणं. रंगाचा एक छोटा डबा आणि शेड क्रमांक आम्ही सोबत देतो. ही जबाबदारी कोणत्या विभागाची, हे करारात लिहून घ्यावं.

दरपत्रकासाठी यंत्राचे चारही बाजूंचे फोटो टेप लावून, वजनाची पावती, जागेची लांबी-रुंदी, मातीचा प्रकार, वरून जाणाऱ्या तारांची उंची आणि हायड्रा आत येईल का, एवढं पाठवा.